शेवटचा रकाना

मत्स्यशास्त्र शिकणारी रत्नमाला लॅपटॉपवर तक्ता भरत होती: समुद्रातला हेक मासा कोणत्या देशाने किती टन पकडला. दिघोरीच्या तलावावरून मासळीचं टोपलं घेऊन आलेला तिचा बाप, डोमा, मागून वाकून पाहू लागला.

"हा देश पहिला, बाबा. लाखो टन!"

"वा! मंग जे जाळ्यावर आले नाही, त्याईच्या घरी किती मासोरी धाडली?"

"ते कोणी लिवत नाही."

"मंग नंबर कसा काढला?"

रत्नमाला खो खो हसली. तिने एक रकाना वाढवला, 'घरोघरी वाटलेली'. सगळे देश कोरे राहिले. खाली तिने बापाला आजचा हिशोब विचारून लिहिलं: दिघोरी, पकड बावीस किलो, वाटली एकोणीस.

डोमाने टोपल्यातली किलोभर मासळी ताटात काढून तिच्या हातात ठेवली. "वीस लिव. शेजारच्या लीलाबाईचा पाय मोडला आहे, तिचा वाटा तूच देऊन ये."