सुधारणा आहे

"जेवते, झोपते, गटात बसते. म्हणजे सुधारणा आहे," फोनमधला आवाज म्हणाला. "मग तिला तिथेच ठेवायचं कारण काय?"

फोन टेबलावर मधोमध, स्पीकरवर होता. बोलत होता तो विमा कंपनीचा डॉक्टर. ज्या चौदा वर्षांच्या मुलीबद्दल तो बोलत होता, तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला मनोपचार केंद्राच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला मुलीचे आईबाबा. मुलीने केंद्रात राहून उपचार घ्यायचे, तर विम्याचा आधार हवाच होता. तो आधार उद्यापासून बंद होणार होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. इथे रात्रंदिवस कोणीतरी तिच्याजवळ असतं, म्हणून ती सावरते आहे. मध्येच घरी पाठवली तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. आवाजाने तितक्याच शांतपणे सांगितलं की उपचार घरून येऊन-जाऊनही घेता येतात. नियमाप्रमाणे धोका सध्याचा असावा लागतो. पुढे तब्येत ढासळलीच, तर नव्याने अर्ज करता येईल.

बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे पोरगी बरी व्हायला लागली, हाच तिचा गुन्हा.

एरवी हे भांडण आईचं होतं. कित्येक आठवडे ती फोनवर या विभागाकडून त्या विभागाकडे टोलवली जात होती. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत होती. सांगून सांगून आज तिचा घसा पार बसला होता. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तुम्ही बोला.

बोलणं हा बाबांचा प्रांत नव्हता. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून 'ब्रेक', 'आरसा', 'सावकाश' एवढंच म्हणायचे, आणि घरी आले की तेवढंही नाही. यांच्याशी बोलायचं तर आधी लायसन काढावं लागतं, असं बायको हसून म्हणायची. मुलगी मात्र हसायची नाही. केंद्रात भेटायला आले की ती आईशी चार शब्द बोलायची. बाबांकडे बघायचीही नाही.

वरिष्ठांना विचारून येतो, असं म्हणून आवाज गेला आणि त्याच्या जागी कसलीशी आनंदी धून वाजू लागली. ती संपायची आणि पुन्हा सुरू व्हायची. खोली कोंदट झाली होती. बाबांनी उठून दार उघडलं आणि परत येऊन बसले. मुलीला भेटायची वेळ होऊन गेली, तरी धून चालूच होती.

अखेर आवाज परतला. निर्णय तोच होता.

"तुम्ही म्हणता, ती जेवते," बाबा एकदम म्हणाले. "तिला दवाखान्यात न्यावं लागलं ना, त्या आठवड्यातही ती जेवत होती. हसतसुद्धा होती."

बाबा बोलत राहिले. त्याच आठवड्यात तिने आपली बॅडमिंटनची रॅकेट खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली होती. आता मला लागणार नाही, असं म्हणाली होती. बाबांनी ते जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. ती ऐन उकाड्यात लांब बाह्या घालायची, तेही त्यांनी पाहिलं होतं. न्हाणीघराची कडी आपोआप तुटली नव्हती. ती त्यांनीच काढली होती. पाठ धरली म्हणून ते रजा काढून दिवसभर बाहेरच्या खोलीत पडून राहायचे, टीव्ही लावून. पाठ ठणठणीत होती. तिच्या खोलीचं दार तिथून दिसायचं, म्हणून.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

"हे कुठेच नोंदवलेलं नाही," आवाज म्हणाला.

"मी कोणाला बोललोच नाही," बाबा म्हणाले. "पण मला दिसत होतं. आणि एवढं डोळ्यांत तेल घालून बसलो, तरी तो एक दिवस हातातून सुटलाच. घरी आम्ही पुरे पडत नाही, डॉक्टर. तुमच्या नियमात ते कसं बसवायचं, ते तुम्ही बघा."

मग आवाजाने एक आठवडा वाढवून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आढावा घेऊ, म्हणाला, आणि फोन बंद झाला.

एक आठवडा. बाबांना फोन भिंतीवर आपटावासा वाटला. म्हणजे पुन्हा तीच धून, पुन्हा तोच पाढा. ते तरातरा बाहेर आले आणि दारातच थबकले.

भेटीसाठी आलेली मुलगी दाराशेजारच्या बाकावर बसली होती. कधीपासून, कोण जाणे. गुडघे पोटाशी घेतलेले, डोळे लाल.

"तुला सगळं दिसत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी घरात आहे की नाही हेसुद्धा तुला कळत नाही. मला कधी विचारलं का नाहीस, बाबा?"

"भीती वाटायची," ते कसेबसे म्हणाले. "तू हो म्हणालीस तर पुढे काय बोलायचं, ते सुचायचं नाही."

तिने बाहीला नाक पुसलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आता विचार."