आईच्या फाइलचा हॅश

आईचं भुलाबाईचं गाणं दादाने नागपूरहून पाठवलं. सवयीप्रमाणे मी संगणकावर टर्मिनल उघडलं, कमांड दिली आणि फाइलचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच. आत जरासा फरक पडला तरी सगळा बदलतो. गाणं रेकॉर्ड केलं त्याच दिवशी मी तो काढून वहीत लिहून ठेवला होता. आता आई नाही, माझी डिस्कही बंद पडली. गाणं उरलं ते फक्त दादाकडे.

दोन्ही ठसे जुळेनात. मी लगेच फोन लावला.

“दादा, फाइलला हात लावलास का रे?”

“अगं, साफ केली. मध्येच थांबून आई तुला ‘दूध बघ गं, उतू जाईल’ म्हणाली होती ना, तेवढं काढलं. आता कसं सलग वाटतं!”

“आणि मूळची?”

“पुसली गं. मला वाटलं, तुला आवडेल.”

मी गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यानंतर आई न थांबता पुढे गात राहिली. मग मीच ते थांबवलं, उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध बघून आले.