चहाआधीची गोळी

दवाखान्याचा जिना चढताना हे मध्येच पायरीवर बसले आणि चपलेचा पट्टा आवळू लागले. पट्टा ढिला नव्हताच. अंगात त्राण नव्हतं, ते लपवायचं होतं. यांना दिलेली किडनी माझी होती. तीच बंद पडत असली तर?

जिन्यातला प्रकार मी सांगितला. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी छान चाललीय. पित्ताची गोळी अजून घेताय?"

"रोज, चहाआधी. ऑपरेशनपासून."

"ती फार दिवस घेतली की अंगातलं मॅग्नेशियम कमी होतं. थकवा त्यामुळेही असू शकतो. तेवढीच बंद करून बघू. कधीपासून थकताय?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष?" मी ओरडलेच. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुझ्या किडनीला नावं ठेवतोय असं वाटलं असतं तुला."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्यासाठी माणूस वर्षभर गप्प बसतो?

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुमची उरलेली किडनी काय म्हणतेय?"

हे माझ्याकडेच बघत होते.

"तिला काय धाड भरलीय?" मी म्हणाले, आणि महिन्यापासून सुजणारे पाय हळूच साडीखाली ओढून घेतले.