गिरीराजची जावा

"हलव जोराने! ताक घुसळतेयस का?"

उंबऱ्यात बसून अंबुबाई सुनेवर खेकसली. रम्या अंगणात पेट्रोलची टाकी दोन्ही हातांनी पोटाशी धरून हलवत होती. आत चिंचेचं पाणी आणि मूठभर खडी. चिंचेने तांब्याचा डाग निघतो तर टाकीचा गंज का निघणार नाही, असं अंबुबाईचं म्हणणं. लेकाचा दोस्त विश्वेश्वर आधी हसला होता. पाणी लालभडक निघू लागलं तसा तोही खडी निवडायला बसला.

गाडी म्हणजे जावा मोटरसायकल. बासष्ट सालची, म्हणजे लेकापेक्षा, गिरीराजपेक्षा, वयाने थोरली. बाजारात जपानी गाड्या आल्या आणि बंगळुरातल्या कितीतरी जावा भंगारात निघाल्या. त्यातलीच ही एक गिरीराजने, अंबुबाईच्या एकुलत्या एका लेकाने, हातगाडीवर घालून येलहंक्याच्या घरी आणली होती. "अव्वा, हिला उभी करतो आणि तुला मागे बसवून आनेकलला मावशीकडे नेतो," म्हणाला होता. गाडी विटांवर उभी राहिली, तेवढीच. मग त्याला कावीळ झाली. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं, आणि पोरगा गेला.

दहाव्याला कावळा शिवेना.

बायकांनी येऊ नये असं भटजी म्हणत होते, तरी अंबुबाई तळ्याच्या बांधावर गेलीच, आणि ती गेली म्हणून बाकीच्याही गेल्या. पानावर पिंड मांडून सगळे उन्हात ताटकळले. झाडावर कावळे भरपूर, खाली एकही उतरेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, भटजी म्हणाले, बोला, शब्द द्या त्याला. चुलता म्हणाला, तुझ्या आईला अंतर देणार नाही. मामा म्हणाला, घराची गळकी कौलं मी बदलून देतो. कावळे माना वाकड्या करून बघत राहिले.

शेवटी अंबुबाई पुढे झाली. पानाजवळ ओणवली, तोंडाशी पदर धरून काहीतरी पुटपुटली. ती मागे सरते न सरते तोच कावळा झपकन खाली आला.

"काय बोललीस गं?" नणंद सकवारबाईने विचारलं.

अंबुबाईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. रम्याकडेही पाहिलं.

"गाडी," ती म्हणाली. "त्याची गाडी वर्षाच्या आत चालू करीन म्हटलं."

तेव्हापासून घराचं गॅरेज झालं. पैसा नव्हता, पण हात होते. चाकांच्या रिमा रॉकेल आणि नारळाच्या काथ्याने घासल्या. रिक्षाच्या सीटांचं उरलेलं रेक्झिन मागून आणून अंबुबाईने गोधडीच्या दाभणाने गाडीची सीट शिवली. इंजिन विश्वेश्वरकडे. तो गिरीबरोबर बोम्मसंद्राच्या कारखान्यात लेथवर होता. दर रविवारी यायचा, आणि जुन्या बाजारात धुंडाळून आणलेला एखादा पार्ट खिशातून काढून रम्याच्या हातावर ठेवायचा. रम्या बॅटरीचा उजेड धरायची, पान्हे द्यायची. आठवडाभर मुकी असलेली पोर तेवढ्यापुरती बोलायची. एकदा तर हसलीसुद्धा.

"अण्णा म्हण त्याला!" आतून अंबुबाईचा आवाज आला. "नुसतं अहो-अहो काय लावलंयस?"

रम्याने मान हलवली. अण्णा मात्र म्हणाली नाही. विश्वेश्वरने हातातला पान्हा खाली ठेवला आणि उगीचच पुन्हा उचलला.

शेजारच्या हेमलतेला राहवलं नाही. "अक्का, पोरीचं वय ते काय! तिचं पुढे काय, स्वल्प विचार कर."

"आधी मेलेल्याचा शब्द फेडू दे. जित्यांचं मग बघू," अंबुबाई म्हणाली. "आणि विचारच करायचा तर तुझी लेक दोनदा माघारी का आली, त्याचा कर."

हेमलता साखर न्यायला आली होती, ती रिकामी वाटी घेऊनच गेली.

काम मात्र संपता संपेना. रंग देऊन झाला तर अंबुबाईला पसंत पडेना. खरवडून पुन्हा द्यायला लावला. साखळी बसवली तर म्हणे सैल आहे. विश्वेश्वर "सरी, अव्वा" म्हणत होकार द्यायचा आणि पुन्हा मांडी घालून बसायचा. आईचं काळीज आहे, लोक म्हणत, लेकाची गाडी अशीतशी कशी चालेल?

वर्षश्राद्ध अगदी तोंडावर आलं, आणि एका रविवारी विश्वेश्वरने मारलेली कीक लागली. जावा फटफटली. अंगण निळ्या धुराने भरलं, गल्ली दारात गोळा झाली. रम्याने रडत रडत सासूचे पाय धरले.

"अत्ते, शब्द पाळलात तुम्ही. सुटले ते."

विश्वेश्वरने इंजिन बंद केलं. चिंधीला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"अव्वा, श्राद्ध झालं की माझी आई येते म्हणतेय. तुझ्याशी बोलायचंय तिला."

रम्या खाली मान घालून उभी राहिली. आत मात्र गेली नाही.

अंबुबाईने दोघांना न्याहाळलं. मग तिची नजर घरात गेली. चुलीपाशी दोन पाट मांडलेले होते, तिचा आणि रम्याचा. बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली.

"आवाज ऐकलास?" ती म्हणाली.

"कसला?"

"खरखर. आत काहीतरी राहिलंय. इंजिन उतरव."

"काही खरखर नाही, अव्वा."

"उतरव म्हटलं ना!"

"पण अत्ते," रम्या हळूच म्हणाली, "शब्द तर पुरा झाला."

"शब्द मी दिलाय. पुरा झाला की नाही, ते मी सांगीन."

विश्वेश्वरने चिंधी खांद्यावर टाकली. "सरी," म्हणाला, आणि पान्हा घेऊन खाली बसला.

दहाव्याला त्या पानाजवळ ओणवून अंबुबाईने गाडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. "गिरी, तुझ्या बायकोला मी अडकवून ठेवणार नाही, वर्षाच्या आत तिचं दुसरं लग्न लावून देईन," एवढंच ती म्हणाली होती. आणि त्यावरच कावळा शिवला होता.