शिझुएच्या नावाची पिशवी

वस्तीच्या सभागृहात आरोग्य केंद्राची बाई नव्या तपासणीचं कौतुक करत होती. म्हणे आता शौचाच्या नमुन्यातलं कणभर रक्तही सापडेल, आतड्यातली गाठ कॅन्सर होण्याआधीच कळेल.

मी मागून म्हणालो, "जुन्या तपासणीच्या वेळीही हेच सांगितलं होतं. माझ्या बायकोचा, शिझुएचा निकाल तीन वर्षं 'दोष नाही' असा आला. चौथ्या वर्षी ती आतड्याच्या कॅन्सरने गेली. तुमचं नवं यंत्र काय दिवे लावणार?"

बाईने कमरेत वाकून माफी मागितली. मग हळूच विचारलं, "आजोबा, नमुने दोन वेगवेगळ्या दिवसांचे होते ना? थंड ठेवले होते?"

"दोन दिवसांचेच. फ्रिजमध्ये, सोयाबीनच्या मिसोच्या डब्यामागे. आम्हाला शिकवू नका."

वस्तीतल्या नमुन्यांच्या पिशव्या गोळा करणाऱ्या शेजारच्या कुमेबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शिझुएचं कधी चुकायचं नाही हो. सगळ्यांत आधी तिची पिशवी यायची."

यायचीच. दर वर्षी पिशव्या वाटल्या की शिझुए मला म्हणायची, "अहो, कुमेबाईंच्या हातात मी हे असलं देऊ? मेले तरी देणार नाही. तुम्हीच भरा माझंही, तुम्हाला कुठे लाज आहे!" मी हसायचो. असल्या तपासणीत कोण काय बघतंय, म्हणायचो, आणि तिच्या नावाच्या पिशवीतल्या नळ्यांत माझाच नमुना भरून द्यायचो.