निळ्या पट्टीची वायर

“ताई, तू फक्त मनापासून गा, आवाजाचं मी बघतो.” स्टुडिओ उघडला तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता. तिनंही शब्द दिला होता, “तुझ्या प्रत्येक गाण्याच्या कोरसमध्ये मी उभी राहीन.” तेव्हापासून सकाळचा जप आटोपला की ती गळ्याला जपत रियाज करायची.

आज स्टुडिओतल्या यंत्रांचा जुना रॅक काढून नवा बसत होता. वायरमन मागे वायरी जोडत होता आणि ती त्याला टॉर्च धरून उभी होती.

“मावशी, ही निळी पट्टीवाली कुठल्या माइकची?”

“माझ्याच की! चुकून दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून भावानं स्वतः पट्टी लावलीय.”

त्यानं वायर ओढली. तिचं टोक नीट गुंडाळून बांधलेलं होतं. पिनेवर दुकानातून आलेलं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच होतं.

“ही तर कधी जोडलेलीच नाही, मावशी. आता जोडू?”

“नको. त्यानं ठेवलीय तशीच राहू दे.”

संध्याकाळी नवा रॅक सुरू झाला आणि आतून भावाची हाक आली, “ताई, चल गं! तुझ्यावाचून कोरस अडलाय.”



तिनं पदर सारखा केला, आणि दिलेला शब्द पाळायला आपल्या माइककडे निघाली.