नवरंगाची शीळ

सबनीसबाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि मोबाईलवर नवरंग पक्ष्याची शीळ वाजवली. करवंदीच्या जाळीपलीकडून लगेच उत्तर आलं.

आमचं पक्षीमंडळ जागच्या जागी थिजलं. याच पक्ष्याने परत यावं म्हणून आम्ही चार पावसाळे या टेकडीवर देशी झाडं लावत होतो. बाईंनी पुन्हा शीळ वाजवली, पुन्हा उत्तर आलं, आणि या वेळी जरा जवळून. "कामाची पावती मिळाली," त्या पुटपुटल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मग आम्ही सगळे ओल्या मातीतून रांगत जाळीकडे निघालो. गेल्याच रविवारी लावलेली रोपं आमच्या गुडघ्यांखाली मोडत होती, पण तिकडे बघायला कोणाला सवड होती. बाईंनी हलकेच फांदी बाजूला सारली.

समोर गद्रेकाका रांगत होते, हातात मोबाईल धरून. बाईंशी भांडून त्यांनी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर वेगळं मंडळ काढलं होतं, ते सगळं त्यांच्या मागे रांगत होतं. काकांचेही डोळे ओले होते. दोन्ही मोबाईल अजून शीळ घालत होते. आधी दोघांनी ते बंद केले.

"तुम्हाला ऐकू आला?" काकांनी जपून विचारलं.

"अगदी स्पष्ट. तुमच्या बाजूने."

"आम्हाला तुमच्या बाजूने आला."

बाईंनी गुडघ्यांवरची माती झटकली. "म्हणजे जोडी आहे."

काकांनी मोबाईल खिशात घातला. "मग घरटंही असणार."